कोरी डिस्क

रविंद्रने डिस्क कानाशी धरली, हलकेच हलवली आणि टेबलावरच्या कापडावर ठेवून दिली. मग तो सांडलेले बारीक स्क्रू वेचून डबीच्या झाकणात टाकू लागला. करुणा समोरच्या स्टुलावर बसून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. वाईट बातमी सांगायच्या आधी माणसं हाताला काहीतरी चाळा शोधतात, हे तिला गेल्या दोन वर्षांत कळून चुकलं होतं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण कितीदा तरी काढलं होतं आणि लावलं होतं.

"ही गेली, ताई," रविंद्र शेवटी म्हणाला. "आतली चकती फिरतीय, पण तिच्यावरनं वाचणारा दांडा खचलाय. नवी टाकावी लागंल."

लॅपटॉप त्याच्यासमोर उलटा पडला होता, पोटाचं झाकण उघडं. एवढ्या जड काळ्या यंत्रातून निघालेली डिस्क जेमतेम पत्त्यांच्या जोडाएवढी होती.

"आणि ह्यातलं?" करुणाने विचारलं.

"ह्यातलं म्हंजे?"

"लिहिलेलं होतं ना ह्यात."

रविंद्रने डिस्क पुन्हा उचलली आणि तशीच खाली ठेवली. मुंबईत कुणी असं मेलेल्या डिस्कमधलं काढून देतात म्हणे, तो म्हणाला, पण ती मोठ्या कंपन्यांची कामं. तिथेही नक्की काही सांगत नाहीत. तिने आशा धरू नये, हेच बरं. नवी डिस्क पुण्याहून मागवतो, पण लॅपटॉपची आहे म्हणजे लगेच मिळेल असं नाही.

"लवकर बघा," एवढंच करुणा म्हणाली.

इंदापूरच्या ज्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ती वीस वर्षं शिकवत होती, तिथे तीन वर्षांपूर्वी पहिला कॉम्प्युटर बसवायला बारामतीहून रविंद्रच आला होता. त्यामुळे घरची परिस्थिती त्याला ठाऊक होती. पायरीपर्यंत सोडायला येऊन त्याने तिचा भाऊ बुद्धघोष कसा आहे ते विचारलं. करुणाने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ हो होतो की नाही, हे त्याने पुढे विचारलं नाही.

परतीची एसटी उसाच्या गाड्यांच्या मागे रेंगाळली नाही, कारण कारखाने अजून सुरू व्हायचे होते. दोन्ही बाजूंना ऊस माणसापेक्षा उंच उभा होता. अंथुर्ण्याला गाडी थांबली तेव्हा तिने खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. गाव त्यांचंच. पण फाट्यावर कुणीतरी ओळखीचं दिसलं असतं, आणि त्याने खालूनच विचारलं असतं, घोष कसा हाय?

बुद्धघोष हे नाव आजोबांनी ठेवलेलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आजोबांनी घरातल्या सगळ्या जुन्या नावांचा नाद सोडला होता आणि पुढे नातवंडांची नावं त्यांनी भंतेंना विचारून ठेवली. शाळेत मास्तरांना ते नाव धड म्हणता येईना, म्हणून त्याचं घोष झालं. करुणा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. वडील बाजीराव साबळे कालव्यावर पाटकरी होते. दिवसरात्र पाण्याच्या पाळ्या बघत फिरायचे, आणि या बांधावरून त्या बांधावर हाक मारून मारून त्यांचा आवाज कायमचा मोठा होऊन बसला होता. घोषला वाढवला तो करुणानेच. मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षा देऊन ती इंदापूरला शिकवायला लागली ती त्याचा डिप्लोमा डोळ्यांपुढे ठेवून. तिचं स्वतःचं लग्न त्यात कधी मागे पडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही.

घोष पुण्याला एका कंपनीत लागला. गडी बोलका. सुटीवर आला की आक्काच्या वर्गात येऊन दारात उभा राहायचा आणि बारा मशिनींची खडखड ऐकून म्हणायचा, आक्का, इथं पोरी शिकतात का गहू दळतात? तिने त्याला कितीदा म्हटलं, बस, तुलाही शिकवते. हे काम तुमचं, आम्ही इंजिनियर, असं तो म्हणायचा.

आधी त्याची जीभ जड झाली. शब्द एकमेकांना चिकटायला लागले. कंपनीतल्या लोकांना वाटलं, साबळे प्यायला लागला. त्याच सुमारास एक स्थळ आलं होतं. मुलगी बघायला गेल्यावर मुलीच्या मामांनी दोनचार प्रश्न विचारले आणि चहा व्हायच्या आत ते लोक आत जाऊन बसले. घोषने आयुष्यात थेंबाला शिवलं नव्हतं. मग हातातून पाना पडला, मग जिन्यावर पाय दुमडला, आणि मग डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावत सांगितलं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, का ते कुणाला माहीत नाही, आणि त्याला औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. हे शेवटचं वाक्य त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं होतं.

कंपनीने निरोप देताना आपल्याकडचा एक जुना लॅपटॉप त्याला दिला. तो घेऊन घोष इंदापुरात बहिणीच्या दोन खोल्यांत आला, आणि पाठोपाठ बाजीरावही अंथुर्ण्याचं घर बंद करून आले.

तोवर त्याचं बोलणं पुरतं गेलं होतं. पेन धरता येत नव्हतं. पण उजव्या हाताचं पहिलं बोट चालत होतं. करुणाने लॅपटॉपमध्ये मराठी अक्षरं घालून घेतली आणि जे शिकायला तो वीस वर्षं नाही म्हणाला, ते त्याला पलंगाशी बसून शिकवलं. तो एका बोटाने बोलायला लागला. पहिल्याच दिवशी त्याने लिहिलं: आबांना सांग, मी मुका झालोय, बहिरा नाही. ओरडू नका. बाजीराव ते ऐकून बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आणि परत आल्यावर इतक्या हळू बोलायला लागले की तेच कुणाला ऐकू येईना.

जवळजवळ दीड वर्ष घोष असा बोलला. आमटी अळणी आहे. जिभेला कळत नाही म्हणून काहीही खपवू नका. कूस बदल. त्या शेजारच्या पोराचा पाढा चुकतोय, बारा चोक बावन्न म्हणतोय. आबांच्या धोतराला ठिगळ लाव. आक्का, तू आज रडली आहेस, नाक बघ. सगळं एकाच फाईलमध्ये, एकाखाली एक. त्यात फक्त त्याचीच बाजू होती. लोकांनी काय विचारलं, कोण काय म्हणालं, ते कुठेच नव्हतं. करुणा कधीकधी तो झोपल्यावर ती फाईल वरपासून वाचायची आणि प्रत्येक वाक्यामागचा प्रश्न आठवून आठवून जोडायची.

एका सकाळी लॅपटॉपच्या पोटात कुणी नखाने पत्रा खरवडावा तसा आवाज झाला. पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली. घोषने ती वाचली, करुणाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

बारामतीहून ती रिकाम्या हाताने परत आली तेव्हा बाजीराव पोराच्या पायांना तेल लावत बसले होते. तिने दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं: नवी डिस्क येईल, लॅपटॉप चालू होईल, पण आधीचं लिहिलेलं गेलं. हे सांगताना ती घोषकडे पाहायला धजत नव्हती. पाहिलं तर तो शांत होता. बोललेलं कोण साठवून ठेवतं, असंच जणू त्याला म्हणायचं होतं. पण ते तिने त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य होतं. त्याला खरंच काय म्हणायचं होतं, ते कळायची सोय आता उरली नव्हती.

डोळे मिटले तर हो, उघडे ठेवले तर नाही, एवढंच बोलणं घरात राहिलं. पाणी? कूस? डास चावतो? पंखा? जे विचारायचं सुचेल त्याचंच उत्तर मिळायचं. करुणा वर्गावर गेली की बाजीराव ओट्यावरून उठून उठून आत यायचे आणि तेच चार प्रश्न विचारून परत जायचे.

डिस्क यायला आठवड्याचे दोन आठवडे झाले, दोनाचे तीन. त्यातच घोषचा श्वास तोकडा पडायला लागला. दिवसाचा बराच वेळ तो गुंगीत असायचा. आणि एका दुपारी जागा झाला तो नजर करुणावरून हलवेना. पाणी नको, कूस नको, काहीच नको. त्याला काहीतरी सांगायचं होतं. करुणाने शेजारच्या घरून पुठ्ठा आणला, त्यावर मोठी मोठी अक्षरं काढली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. म वर डोळे मिटले. पुन्हा क पासून सुरुवात. ल वर डोळे मिटले. मग काना.

"मला?" तिने विचारलं.

डोळे मिटले.

ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली, पण तिसऱ्या ओळीपर्यंत पोचेतो त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या आणि त्या मिटण्याला आता काही अर्थ नव्हता. संध्याकाळी तो जागा झाल्यावर दोघं बापलेक पलंगाशी बसली आणि तिथून पुढचं शोधत राहिली. मला झोप येत नाही? मला दुखतंय? मला बाहेर न्या? मला भूक लागली? बाजीरावांनी विचारलं, "अंथुर्ण्याला न्यायचं का तुला?" डोळे उघडेच. "दवाखान्यात न्यायचं?" उघडे. "आईची आठवण येतीया?" उघडे. विचारता विचारता बाजीरावांचा आवाज पुन्हा जुन्यासारखा मोठा झाला, पण या वेळी त्यांना कुणी गप्प केलं नाही. करुणाला एक प्रश्न सुचला होता. तो विचारायला तिची जीभ रेटेना. शेवटी बाजीराव पाणी प्यायला उठले तेव्हा ती वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "तुला आता नको झालंय का हे?"

घोष तिच्याकडे पाहत राहिला. डोळे मिटले नाहीत. पण त्या नजरेत नाही सुद्धा नव्हतं. तू हे विचारलंस, एवढंच होतं. मग थकून त्याने मान एका बाजूला कलू दिली. त्यानंतर पुठ्ठा समोर धरला की तो दुसरीकडे बघायचा.

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवर रविंद्रचा निरोप आला. डिस्क आली होती.

करुणा पहिल्या गाडीने बारामतीला गेली. रविंद्र दुकानाला कुलूप लावायच्याच बेतात होता. गळीत सुरू व्हायच्या आत एका कारखान्याच्या हापिसातले सगळे कॉम्प्युटर नीट करून द्यायचे होते. तो आठवडाभर तिकडेच राहणार होता. लॅपटॉप इथेच राहू द्या, आल्यावर करतो, तो म्हणाला. करुणा दारातून हलली नाही. आठवडाभर थांबता येणार नाही, तिने सांगितलं. मला सांगा कसं करायचं ते, मी करते.

रविंद्रने घड्याळाकडे पाहिलं, मग कुलूप काढलं.

चार स्क्रूंत त्याने डिस्क बसवून दिली. "बसवणं काय न्हाय," तो म्हणाला. "पण ही कोरी हाय, ताई. ती डिस्क हाय हे तिचं तिला पण म्हाईत न्हाय. मशिन चालू केलं की ते आधी डिस्कला विचारतंय, काय करू? ही काय सांगणार? म्हणून आधी फ्लॉपीवरनं उठवायचं." त्याने समजावून सांगितलं ते असं: इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर एक कोरी फ्लॉपी घालून तिची बूट फ्लॉपी बनवायची. म्हणजे निजलेल्या मशिनला उठवण्यापुरतं जे लागतं, तेवढं त्या फ्लॉपीवर येतं. तिच्यावर लॅपटॉप उठला की नव्या डिस्कची आखणी करायची, ती फॉरमॅट करायची, आणि मग सीडीवरून विंडोज चढवायचं. अडचण एकच होती. या लॅपटॉपला कुशीत एकच खाच होती. तिच्यात फ्लॉपीचा कप्पा बसायचा नाहीतर सीडीचा. दोन्ही एकदम नाही. तेव्हा सीडी वाचायची अक्कल आधी फ्लॉपीवरून डिस्कवर उतरवून घ्यायची, मशिन बंद करायचं, कप्पा बदलायचा आणि मग पुढे जायचं.

हे सगळं त्याने दोनदा सांगितलं. करुणाने ते त्याला परत म्हणून दाखवलं, वर्गातल्या पोरी धडा म्हणून दाखवतात तसं. सीडी तिच्या पिशवीत टाकताना तो म्हणाला, "जमंल. आन न्हाय जमलं तर बिघडत काय न्हाय, कोरीच तर हाय ती."

इन्स्टिट्यूटमध्ये दुपारची बॅच चालली होती. मालक माधवरावांनी काही न विचारता कॉम्प्युटरवरचं कापड काढून दिलं. पहिली फ्लॉपी अर्ध्यात अडकली, दुसरी सुरुवातच करेना. कपाटात दोन वर्षं पडून त्यांच्यात धूळ गेली होती. तिसरी चालली. फ्लॉपी कुरकुरत भरत होती तोवर करुणा उभीच होती. मागे पोरींच्या मशिनी खडखडत होत्या आणि एकीची ओळ चुकल्याचं तिच्या कानाला कळत होतं, पण ती वळली नाही.

घरी येऊन तिने लॅपटॉप पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला, घोषला दिसेल असा. तो जागा होता. बाजीरावांनी त्याच्या पाठीशी उशी घालून त्याला थोडा वर केला. करुणाने फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकली आणि शेवटी एक ए, एक टिंब-टिंब आणि उघडझाप करणारी छोटी रेघ येऊन थांबली.

"उठलं," ती म्हणाली.

घोषने डोळे मिटले. हो.

डिस्कची आखणी झाली. मग फॉरमॅट. यंत्राने इंग्रजीत बजावलं: या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? हो किंवा नाही. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिचं बोट वरच्यावर थांबलं. तिने भावाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले. तिने हो दाबलं.

आकडे हळूहळू चढत गेले आणि निम्म्याच्या पुढे गेल्यावर लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती. पंखाही थांबला. बाजीराव पुठ्ठा घेऊन पोराला वारा घालायला लागले. उलट्या बाजूची मोठी मोठी अक्षरं त्यांच्या हातात मागे-पुढे होत होती. लाईट आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. करुणाने पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी फॉरमॅट पुरं झालं. तिने मशिन बंद केलं, फ्लॉपीचा कप्पा ओढून काढला, सीडीचा बसवला. डिस्क आता आपल्या पायावर उठली, पण सीडी काही दिसेना. असं काही नाहीच, असं यंत्र म्हणत राहिलं. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिला रडू यायला लागलं. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं: घोष तिच्याकडे बघत होता, आणि ती नजर जुनी होती, दारात उभा राहून वर्गाकडे बघायची.

"काहीतरी राहिलं का माझं?"

मिटले.

"डिस्कचं?"

उघडे.

"फ्लॉपीचं? फ्लॉपीवरचं काही राहिलं?"

मिटले. आणि मग तिला आठवलं. सीडी वाचायची अक्कल तिने डिस्कवर उतरवलीच नव्हती. तिने पुन्हा कप्पा बदलला, फ्लॉपी घातली, एकेक फाईलचं नाव मोठ्याने वाचत गेली आणि जिथे त्याने डोळे मिटले ती उतरवून घेतली. इतके दिवस 'हो' आणि 'नाही'मध्ये मावत नव्हतं ते सगळं बोलणं बाहेर राहिलं होतं. हे काम मात्र त्यात बरोबर मावलं. बाजीराव मधे मधे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना कळत काहीच नव्हतं, पण घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी चाललं होतं.

सीडी फिरली. निळा पडदा आला. करुणाने मागे वळून पाहिलं तर घोष झोपला होता, तोंड थोडं उघडं, छाती न हलता नुसता गळा हलत होता.

विंडोज चढलं. मराठी अक्षरं तिने दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटमधून फ्लॉपीवर आणून घातली. कोरं पान उघडलं. नव्या डिस्कचा काही आवाजच नव्हता. चालू आहे की नाही ते दिव्याकडे पाहूनच कळायचं.

घोष दुपारी जागा झाला. करुणाने लॅपटॉप त्याच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला, त्याचा हात उचलला, मनगटाखाली घडी घातलेला पंचा दिला आणि बोट कळांवर टेकवलं. "मला काय?" ती म्हणाली. "सांग आता. घाई नाही."

त्याने पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग बोट किंचित खाली गेलं आणि पानावर र उमटला.

एका र पुढे दुसरा आला, तिसरा आला. बोट दाबलं गेलं होतं ते वर उचलायची ताकद त्याच्यात नव्हती. ओळ भरली, खालची सुरू झाली. तिने हात पुढे केला, आणि त्याच वेळी तिला त्याचा चेहरा दिसला. ओठ हलत नव्हते, गाल हलत नव्हते, पण डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या होत्या. तो धावणाऱ्या अक्षरांकडे पाहत होता.

बाजीराव दारातून म्हणाले, "काय म्हणतुया?"

"हसतोय, आबा," करुणा म्हणाली.

तिने त्याचं बोट उचललं नाही. पान भरत गेलं तोवर तो पाहत होता, आणि मग पाहता पाहता पुन्हा गुंगीत गेला. तेव्हा तिने हात अलगद काढून त्याच्या छातीवर ठेवला. बंद करताना यंत्राने विचारलं, हे ठेवायचं का? तिने हो म्हटलं.

त्यानंतर घोष पुरता जागा असा झालाच नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी बाजीराव चूळ भरून आत आले आणि त्यांनी बाहेर येऊन करुणाला सांगितलं. अंथुर्ण्याला नेलं. गावची माणसं आली, कंपनीतलेही दोघं आले आणि मान खाली घालून उभे राहिले. भंतेंनी त्रिशरण दिलं, आणि बुद्धघोष हे नाव त्या दिवशी तिथे पुरतं आणि नीट घेतलं गेलं.

मला काय, ते करुणाला कधीच कळलं नाही. वर्गावर उभी असताना, पोरींना मजकूर सांगताना, भाजी निवडताना तिचं मन ते वाक्य पुरं करत राहायचं. दरवेळी वेगळं व्हायचं. मला माफ कर. मला तुझं लग्न बघायचं होतं. मला चहा दे. प्रत्येक वाक्याला त्याचे डोळे मिटतात का, ते ती मनात बघायची.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि बापलेक इंदापूरला परत आली. एका दुपारी बाजीराव टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्या मशिनमधे त्याचं काही हाय का, त्यांनी विचारलं. करुणाने लॅपटॉप उघडला, ते एकच पान काढलं आणि खुर्ची त्यांच्यामागे सरकवली.

"एवढंच?"

"एवढंच, आबा."

बाजीरावांनी चष्मा पुसला, लावला. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एकही अक्षर न गाळता, ओठ हलवत, ते ओळीमागून ओळ खाली येत गेले. करुणाने त्यांना मधे थांबवलं नाही.